दर्यावरच्या हाकेचा हिशोब

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात 'थुरिया' ही शिडाची होडी वादळात सापडून कलंडली. डोलकाठ्या मोडल्या. होडीवर एकटेच असलेले नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी पाठीच्या गंभीर दुखापतीमुळे जागचे हलूही शकत नव्हते. एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत ते उतरले होते. होडी गोव्यात बांधलेली, आणि अपघाताची जागा ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर. तरीही २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच जहाजाने त्यांना सुखरूप उचलले. पुढे २०२३ मध्ये त्याच शर्यतीत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. या सुटकेत धैर्य होते, थोडे नशीबही होते. पण त्या दोहोंआधी एक व्यवस्था होती. संकटसूचक यंत्राने उपग्रहाला हाक दिली, होडी कोणाची आणि तिच्यावर माणसे किती याची माहिती तयार होती, कॅनबेरातल्या बचाव समन्वय केंद्राने सूत्रे हाती घेतली, भारतीय नौदलाच्या पी-८ आय विमानाने होडी हेरली आणि सर्वांत जवळ असलेले जहाज तिकडे वळवले गेले. या सगळ्यात यंत्र हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपा भाग होता.

हीच वेळ रत्नागिरीच्या किंवा वर्सोव्याच्या एखाद्या मासेमारी होडीवर, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर आली तर काय? अंतर पस्तीस पटींनी कमी, पण सुटकेची खात्री त्या प्रमाणात वाढलेली नाही. आपल्याकडे मच्छीमारांच्या सुरक्षेचा प्रश्न निघाला की सरकार यंत्रे वाटते, वाटपाचा आकडा जाहीर होतो आणि विषय तिथेच संपतो. यंत्रे वाटायलाच हवीत, त्यावर वाद नाही. वाद आहे तो मोजमापाचा. किती होड्यांना यंत्रे दिली, हा आकडा सुरक्षेबद्दल फारच थोडे सांगतो. आज दर्यावर असलेल्या होड्यांपैकी किती होड्यांवरचे यंत्र चालू आहे, किती यंत्रांची नोंद खऱ्या मालकाच्या आणि चालू फोन नंबरच्या नावावर आहे आणि कळ दाबल्यापासून मदत निघेपर्यंत किती वेळ जातो, हे आकडे जोवर कोणी ठेवत नाही, तोवर वाटप झालेले यंत्र म्हणजे केबिनमधला एक डबा आहे.

ही यंत्रे काम कशी करतात हे समजून घेतले, तर हा आग्रह कशासाठी ते कळते. मोठ्या जहाजांवर 'ईपर्ब' नावाचे यंत्र असते. भडक पिवळे किंवा नारिंगी, एका हातात मावेल एवढे. ते केबिनमध्ये नव्हे तर बाहेर, मोकळ्या जागी एका कोंदणात बसवतात. जहाज बुडू लागले आणि पाण्याचा दाब दीड ते चार मीटर खोलीइतका झाला की कोंदणातले एक छोटे पाते आपोआप सुटते, अडकवलेला दांडा कापते आणि यंत्र मोकळे होऊन पृष्ठभागावर येते. पाण्याचा स्पर्श होताच ते सुरू होते. त्यावरचा दिवा लुकलुकू लागतो आणि साधारण दर पन्नास सेकंदांनी ४०६ मेगाहर्ट्झवर अर्ध्या सेकंदाचा संदेश आकाशात जातो. बॅटरी किमान ४८ तास टिकावी असा नियम आहे. म्हणजे होडीवरची सगळी माणसे बेशुद्ध असली, कोणाला कळ दाबायला वेळच मिळाला नसला, तरी हाक जाते. मात्र त्या दाबावर चालणाऱ्या भागाचे आयुष्य दोनच वर्षांचे असते आणि बॅटरीलाही मुदत असते. मुदत उलटली तर यंत्र बाहेरून तसेच दिसते, फक्त ते ऐन वेळी दगा देऊ शकते.

त्या अर्ध्या सेकंदाच्या संदेशात 'आम्हाला वाचवा' असे कोणतेही वाक्य नसते. असतो तो यंत्राचा पंधरा अक्षर-अंकांचा सांकेतिक क्रमांक, आणि यंत्रात जीपीएस असेल तर ठिकाण. उपग्रह तो संदेश जमिनीवरच्या केंद्राकडे उतरवतो. भारतात हे काम पाहणारे नियंत्रण केंद्र इस्रोच्या बंगळूरुतल्या संकुलात आहे. तिथून माहिती तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे जाते. पश्चिम किनाऱ्यासाठी ते मुंबईत आहे. तिथला अधिकारी सर्वांत आधी तो क्रमांक नोंदवहीत शोधतो. नोंद सापडली तर तो एक फोन करतो: तुमची होडी कुठे आहे? होडी जेटीला बांधलेली असेल, यंत्र चुकून सुरू झाले असेल, तर प्रकरण दोन मिनिटांत मिटते. होडी समुद्रात असेल तर तिचा रंग, लांबी, खलाशांची संख्या आणि कोणत्या बंदरातून कधी निघाली हे घरच्यांकडून कळते आणि शोध नेमका होतो. नोंद नसेल, किंवा होडी विकल्यावर ती जुन्याच मालकाच्या नावावर राहिली असेल, तर अधिकाऱ्याच्या हाती उरतो फक्त एक क्रमांक, आणि फार तर ठिकाण.

ही बारीकसारीक बाब नाही. जगभर ४०६ मेगाहर्ट्झवर येणाऱ्या दर दहा हाकांपैकी नऊहून अधिक खोट्या असतात. कोणी खोडी म्हणून केलेल्या नव्हेत. यंत्र साफ करताना, बदलताना, भंगारात टाकताना चुकून सुरू झालेल्या. अशा गर्दीत खरी हाक वेगळी काढण्याचे सर्वांत वेगवान साधन नोंदवही हेच आहे. उपग्रहांची ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था, कॉस्पस-सारसॅट, १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांच्या कराराने आकाराला आली. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे देश माणसांना वाचवण्यासाठी एकत्र आले, हे आजही लक्षात घेण्यासारखे आहे. पहिला उपग्रह जून १९८२ मध्ये गेला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कॅनडात कोसळलेल्या छोट्या विमानातल्या तिघांचे प्राण वाचले. तेव्हापासून या व्यवस्थेच्या मदतीने पन्नास हजारांहून अधिक माणसे वाचली आहेत. भारत तिचा जुना सहभागी आहे. थोडक्यात, आकाशातला भाग पक्का आहे. कच्चे दुवे आहेत ते जमिनीवरचे आणि पाण्यावरचे.

आंतरराष्ट्रीय नियमांनी परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या मालवाहू जहाजांना आणि प्रवासी जहाजांना ही साधने सक्तीची केली. मासेमारी होड्या मात्र त्या नियमांबाहेर राहिल्या. वास्तविक सर्वाधिक माणसे मरतात ती याच धंद्यात. जगभरात दरवर्षी २४ हजार मच्छीमार कामावर असताना मृत्युमुखी पडतात, असा अंदाज एके काळी जागतिक संस्था देत असत. २०२२ मधल्या एका अभ्यासाने तो आकडा एक लाखाच्या वर असल्याचे मांडले. अमेरिकेत १९८५ मध्ये अलास्काजवळ 'वेस्टर्न सी' ही होडी बुडाली, तिच्यावर मुलगा गमावलेल्या पालकांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये मासेमारी होड्यांच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला. त्यातून संकटसूचक यंत्र सक्तीचे झाले. तिथे यंत्राची नोंदणी मोफत आहे, पण दर दोन वर्षांनी ती ताजी करावी लागते. यंत्र घेणे आणि नोंद चालू ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या व्यवस्थेने ओळखले. आपण पहिल्या कामापाशीच थांबलो आहोत.

आपल्याला हा धडा कोणी शिकवला नाही असे नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले तेव्हा किती होड्या दर्यावर आहेत याचाच अंदाज घ्यावा लागत होता. २०१७ मध्ये 'ओखी' चक्रीवादळाने तर सगळे उघडे पाडले. २९-३० नोव्हेंबरला कन्याकुमारी आणि केरळच्या किनाऱ्याजवळ ते इतक्या झपाट्याने बळावले की आठवडाभराच्या मासेमारीला गेलेल्या होड्यांना परत फिरायला अवधीच मिळाला नाही. होड्यांवर वायरलेस होते, पण किनाऱ्यापासून त्याचा पल्ला पंचवीस-तीस किलोमीटरचा आणि होड्या त्याच्या कितीतरी पलीकडे. तीनशेहून अधिक मच्छीमार मरण पावले किंवा कायमचे बेपत्ता झाले. त्याच वादळातून भरकटत ६८ होड्या आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. त्यांतल्या ६६ होड्या केरळच्या होत्या. आपला माणूस जिवंत आहे हे त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी कळले ते होडी महाराष्ट्राच्या बंदराला लागल्यावर. तोवर जिवंत आणि मेलेले दोघेही सरकारी यादीत सारखेच बेपत्ता होते. संकटसूचक यंत्राचा एक उपयोग सहसा बोलला जात नाही तो इथे दिसतो. माणूस वाचला नाही तरी त्याचे शेवटचे ठिकाण आणि वेळ यांची नोंद मागे राहते. मृतदेह मिळाला नाही तर कायद्याने मृत्यू गृहीत धरायला सात वर्षे थांबावे लागते. विमा, नुकसानभरपाई, बँकेचे कर्ज असे सगळे त्या सात वर्षांत अडकते. विधवा आहोत की नाही हेही माहीत नसलेल्या बाईला त्या एका नोंदीचा आधार किती मोठा, हे वेगळे सांगायला नको.

सरकारने या काळात काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इस्रोने विकसित केलेले 'डॅट' हे संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे आणि वीस हजारांहून अधिक यंत्रे होड्यांवर गेली. आग, होडी बुडणे, माणूस पाण्यात पडणे, वैद्यकीय मदत अशा संकटांचा प्रकारही त्यातून कळवता येतो. पण पहिल्या पिढीच्या यंत्रात एक मोठी उणीव होती. हाक पोहोचली की नाही, हे होडीवरच्या माणसाला कळत नसे. काळोख्या रात्री, केबिनमध्ये पाणी शिरत असताना, होडी चालवणाऱ्या तांडेलाने कळ दाबली आणि पुढे काहीच घडले नाही, तर तो त्या यंत्रावर विश्वास कसा ठेवणार? २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्राने ही उणीव दूर केली. आता केंद्राकडून पोच येते, वादळाचा इशारा मिळतो आणि यंत्र मोबाइलला जोडले की तो मच्छीमाराच्या भाषेत वाचता येतो. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते आणखी मोठी योजना सुरू झाली: देशातल्या एक लाख यांत्रिक आणि मोटार बसवलेल्या होड्यांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर, मच्छीमाराला मोफत, एकूण खर्च ३६४ कोटी रुपये. होडीमागे साधारण ३६ हजार ४०० रुपये. एवढ्या पैशात दोन्ही बाजूंनी संदेश, हवामानाचा इशारा आणि सागरी हद्द जवळ आल्याची सूचना मिळत असेल, तर सार्वजनिक पैशाचा याहून चांगला उपयोग शोधून सापडणार नाही.

प्रश्न आहे तो यानंतरचा. ट्रान्सपाँडर होडीला घट्ट बसवलेला असतो, म्हणून होडी एकाएकी उलटली तर तोही तिच्याबरोबर पाण्याखाली जातो. त्यासाठी सुटून वर येणारे ईपर्ब हवे, निदान अनेक दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलर आणि गिलनेट होड्यांवर तरी. आणि जाळे ओढताना तोल जाऊन एकटा खलाशी पाण्यात पडला, तर होडीवरचे कोणतेही यंत्र त्याचे ठिकाण सांगणार नाही. त्यासाठी अंगावर बाळगायचे छोटे यंत्र लागते, जे किमान चोवीस तास संदेश देत राहते. ही तीन वेगवेगळ्या संकटांची तीन वेगवेगळी उत्तरे आहेत. एक यंत्र दिले म्हणजे तिन्ही प्रश्न सुटले, असा समज योजनेच्या जाहिरातीतून पसरता कामा नये. मच्छीमाराला हे माहीत असते. ज्यांनी कधी पावसाळी उधाणात होडी पाहिलेली नाही त्यांनाच ते सांगावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि होडीवर वायरलेस आहे. वायरलेसचे महत्त्व कमी नाहीच. संकटात सापडलेल्या होडीपाशी सर्वांत आधी पोहोचते ती बहुतेक वेळा शेजारची दुसरी मासेमारी होडीच, आणि तिला हाक मारायला वायरलेससारखे साधन नाही. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांकही किनाऱ्याजवळ उपयोगाचे. पण किनारा दिसेनासा झाला की थोड्याच अंतरात मोबाइलची रेंज जाते आणि वायरलेसलाही बोलणारा माणूस शुद्धीवर लागतो. भारताच्या शोध-बचावाची जबाबदारी असलेला समुद्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचा आहे. एवढ्या पसाऱ्यात 'काल संध्याकाळी पश्चिमेकडे गेला होता' एवढ्या माहितीवर विमान पाठवणे म्हणजे अंधारात चाचपडणे. ठिकाण कळले तर तेच विमान सरळ तिथे जाते.

दुसरा आक्षेप मच्छीमारांचा आहे आणि तो सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवा. त्यांना वाटते की हे यंत्र मदतीसाठी नाही, पाळतीसाठी आहे. ही शंका हवेतून आलेली नाही. २००८ मध्ये 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी होडी बळकावून दहशतवादी मुंबईच्या दिशेने आले. त्यानंतर किनाऱ्यावर जे जे आले, ओळखपत्रे, होड्यांचे ठरवून दिलेले रंग, टोकन, तपासणी, ते सगळे सुरक्षा यंत्रणांच्या गरजेतून आले. देशाच्या सुरक्षेसाठी ते आवश्यकच होते. पण त्यामुळे मच्छीमाराच्या मनात यंत्र आणि चौकशी यांची जोडी पक्की झाली. महाराष्ट्रात मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने बेकायदा मासेमारीचा दंड लाखांच्या घरात गेला. २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर आली. पर्ससीन आणि एलईडी मासेमारीला आळा बसावा ही पारंपरिक मच्छीमारांचीच मागणी आहे, त्यामुळे अंमलबजावणीला विरोध करण्याचे कारण नाही. पण दंड करणारा आणि जीव वाचवणारा एकाच पडद्यावर होडी पाहणार असेल, तर काही जण यंत्र बंद ठेवतील, हे ओळखायला समाजशास्त्र लागत नाही.

याचे उत्तर यंत्र गुपचूप लादण्यात नाही, शब्द देऊन तो पाळण्यात आहे. संकटाच्या हाकेतून मिळालेली माहिती केवळ बचावासाठी वापरली जाईल, हाक मारताना होडी बंदी असलेल्या क्षेत्रात किंवा हद्दीपलीकडे होती म्हणून त्या हाकेच्या आधारे गुन्हा दाखल होणार नाही, असे नियमात लिहून द्यावे. नेहमीचे ठिकाण कळवणाऱ्या ट्रान्सपाँडरची माहिती कोणत्या खात्याला, किती काळ आणि कशासाठी मिळेल, हेही स्पष्ट असावे. सागरी हद्दीचा मुद्दा पालघरच्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको. डहाणू-तलासरी भागातले कितीतरी खलाशी गुजरातच्या होड्यांवर कामाला जातात आणि होडी हद्द ओलांडून गेली की पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. हद्द जवळ आली हे वेळेत सांगणारे यंत्र अशा घरांसाठी पाळत नसून कवच आहे. शिवाय ईपर्बसारखे यंत्र संकट येईपर्यंत गप्पच असते. ते कोणालाही होडीचा माग देत नाही. ज्यांना ट्रान्सपाँडरची भीती वाटते त्यांनाही ईपर्ब नाकारण्याचे कारण उरत नाही.

तिसरा आक्षेप असा की यंत्र आले की माणूस बेफिकीर होतो; धोक्याचा बावटा लागला तरी तांडेल म्हणेल, कळ आहे ना हाताशी. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते 'पापा-३०५' तराफ्याच्या दुर्घटनेत दिसले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाची सूचना काही दिवस आधी मिळालेली असताना हा तराफा २६१ माणसांसह बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात राहिला आणि बुडाला. त्यांतल्या १८६ जणांना नौदल आणि इतर यंत्रणांनी खवळलेल्या समुद्रातून बाहेर काढले. सत्तरहून अधिक माणसे गेली. तिथे संकटाची खबर पोहोचली होती, बचावपथकेही शर्थीने झुंजली. चूक त्याआधीच, परत न फिरण्याच्या निर्णयात झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली आणि पंधरा जणांचा बळी गेला, तिथेही आसपास बोटी होत्या, हाक ऐकू न येण्याचा प्रश्न नव्हता. तिथे लाइफ जॅकेट अंगावर असणे हेच सर्वांत मोठे सुरक्षासाधन. म्हणून प्रवासी बोटींना किनाऱ्याजवळच्या फेऱ्यांसाठी महागडी संकटसूचक यंत्रे बसवण्याची मागणी करण्याआधी जॅकेट आणि प्रवासीसंख्या या दोन गोष्टी काटेकोर पाळल्या जाव्यात. संकटसूचक यंत्र हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधीच्या पायऱ्या, हवामानाचा इशारा ऐकणे, सुस्थितीतले इंजिन, जॅकेट, या गाळून ते उपयोगी पडत नाही. पण शेवटचा उपाय म्हणून त्याला दुसरा पर्याय नाही, हेही तितकेच खरे. खोल समुद्रात सगळ्या पायऱ्या नीट पाळूनही इंजिन बंद पडते, फळी निसटते, आग लागते.

चौथा आक्षेप खर्चाचा. ईपर्ब काही हजारांत नव्हे, दहा हजारांच्या पटीत येते, आणि लहान मच्छीमाराला ते परवडणार नाही. बरोबर आहे. पण दहा-बारा दिवसांसाठी निघणाऱ्या ट्रॉलरला एका फेरीच्या डिझेल आणि बर्फाला जो खर्च येतो, त्यापुढे दहा वर्षे चालणाऱ्या यंत्राचा खर्च मोठा नाही. अशा होड्यांना ते सक्तीचे करून निम्मा खर्च सरकारने उचलावा. किनाऱ्याजवळ डोल किंवा छोटी जाळी लावणाऱ्या लहान होड्यांसाठी अंगावर बाळगायची यंत्रे मच्छीमार सहकारी सोसायट्यांनी ठेवावीत आणि फेरीपुरती द्यावीत. डिझेलच्या कराचा परतावा याच सोसायट्यांमार्फत जातो. होड्यांची आणि मालकांची सर्वांत ताजी माहिती त्यांच्याचकडे असते. मग यंत्रांची नोंदवही त्यांच्या हाती का नको?

यासाठी नवे खाते किंवा नवा कायदा उभारण्याची गरज नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, रंगकाम आणि डागडुजी चालते, परवान्यांचे नूतनीकरण होते. प्रत्येक बंदरावर मत्स्यव्यवसाय विभाग, तटरक्षक दल आणि सोसायटी यांनी मिळून यंत्रांची तपासणी करण्याची हीच वेळ. यंत्रांना स्वतःची चाचणी घेण्याची कळ असते, ती दाबून दिवा पाहायला एक मिनिट लागते. बॅटरीची आणि दाबाच्या भागाची मुदत पाहणे, नोंदणीतला मालक, फोन आणि होडीचा रंग ताजा करणे, तांडेलाबरोबर निदान दोन खलाशांना ते वापरायला शिकवणे, एवढेच काम आहे. त्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय परवाना आणि डिझेल परतावा मिळू नये. होडी विकली की यंत्राची नोंद बदलल्याशिवाय विक्रीची कागदपत्रे पूर्ण होऊ नयेत. आणि वर्षातून एकदा तरी मुंबईच्या बचाव केंद्राने एखाद्या बंदराला आधी कळवून खरा सराव घ्यावा, म्हणजे हाक आल्यापासून होडी निघेपर्यंत किती मिनिटे गेली हे सगळ्यांना दिसेल.

शेवटी जबाबदारीचा मुद्दा. आज मत्स्यव्यवसाय विभाग म्हणतो यंत्रे दिली, इस्रो म्हणते उपग्रह तयार आहे, तटरक्षक दल म्हणते हाक आली तर आम्ही निघतो. प्रत्येकाचे म्हणणे खरे असते आणि तरीही मधल्या फटीतून माणूस निसटू शकतो. एकच आकडा जाहीर करण्याची जबाबदारी एकाच खात्यावर टाकली तर ही फट दिसू लागेल. दरवर्षी १ ऑगस्टला, मासेमारीचा हंगाम उघडतो त्या दिवशी, मत्स्यव्यवसाय मंत्र्यांनी बंदरनिहाय सांगावे: इतक्या होड्या निघाल्या, त्यांतल्या इतक्यांवर तपासलेले आणि नोंदवलेले यंत्र आहे, गेल्या हंगामात इतक्या हाका आल्या, त्यांतल्या इतक्या खऱ्या, आणि मदत पोहोचायला सरासरी इतका वेळ लागला. ही माहिती ठेवणे अवघड नाही. ती ठेवली जात नाही, कारण कोणी ती मागत नाही. मच्छीमार संघटनांनी, किनाऱ्यावरच्या आमदारांनी आणि वृत्तपत्रांनी ती मागायला हवी. ज्या वर्षी हा आकडा देता येईल, त्या वर्षी एक लाख यंत्रांवर खर्च झालेले ३६४ कोटी सार्थकी लागले की नाही, हे निदान मोजता तरी येईल.